डफड्याचा जीव

"उभा राहा. परत सांग," सर म्हणाले. सातवीचा वर्ग. फळ्यावर दोन रकाने, सजीव आणि निर्जीव. मी परत सांगितलं, "डफडं. सजीव."

सगळा वर्ग खो-खो हसला. सर हसले नाहीत. "मेलेल्या ढोराचं कातडं जितं असते काय रे? तुमच्या वस्तीत असन." मग निर्जीवच्या खाली त्यांनी डफडं लिहिलं आणि त्याखाली माझं नाव. दिवसभर कोणाला पुसू दिलं नाही.

मी मस्करी करत नव्हतो. गावात मयत झाली की बाप तिरडीपुढे डफडं वाजवायचा. निघण्याआधी काडीकचरा पेटवून कातडं शेकायचा, टिचकी मारायचा आणि मला विचारायचा, "पाह्य बरं, जीव धरला काय?" ढिलं पडलेलं कातडं मेलेलं, खणखणीत वाजलं की जितं. मला हाच जीव ठाऊक. श्वास, वाढ, पेशी, तो जीव पुस्तकातला. सरांचं उत्तर बरोबरच होतं, त्यावर माझं भांडण नाही. पण माझं नाव तिथं लिहायला कोणत्या विज्ञानानं सांगितलं होतं?

पुढे बाप गेला. डफडं खुंटीवर राहिलं. दुपारी छपराचं टिन तापलं की कातडं आपोआप ताणलं जातं आणि मधूनच टक् करून वाजतं. आई दचकून दाराकडे पाहते. मीही पाहतो. बाप हाक मारतोय असं वाटतं. भीती वाटते, अजूनही.

यंदा कापूस फुटल्यावर सरांचे काका वारले. सर स्वतः आले, अंगणाबाहेरच थांबले. "चाल, डफडं घे. तुह्या बापानं आमच्या घरचे सारे मुर्दे पोचोले."

"मी येत नाही, सर."

"काहून? रीत हाय ते."

"बाप वाजवत गेला, अन् जेवाले तुमच्या उकिरड्यापाशी बसला. म्या पाह्यलं. मी येत नाही."

आई आतून कळवळली, "जाय ना बाप्पा, त्याइच्याच वावरात वेचाले जातो आपण."

गेलो नाही. तिरडी मुकाट्यानं निघाली. दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला आईला कोणी बोलावलं नाही. ती चुलीपुढे बसून रडली. तिचं रडणं मला फार लागलं. तरी सांगतो. उद्या कोणी मेलं, तर माझ्या दारात येऊ नका. तुमची माणसं तुम्ही पोचवा.