बानूबाईचं बिऱ्हाड

माझ्या आईला, बानूबाईला, घर आवरायला शिकवायची वेळ माझ्यावर येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. कारण लग्न झाल्यापासून बावीस वर्षं ही बाई दर दोन-चार दिवसांनी घर उचलून चालत होती. आम्ही धनगर. दिवाळी झाली की आणे पठारावरून मेंढ्या घेऊन माळशेज उतरायचा, घाटाखाली फिरायचं आणि मिरगाच्या आत परत यायचं. या फिरत्या मुक्कामाला आमच्यात वाडा म्हणतात. गावातल्या लोकांना वाडा म्हटलं की सागवानी खांब दिसतात. आमच्या वाड्याला भिंतसुद्धा नव्हती.

उजाडताना घोडीवर खोगीर चढायचं. त्यावर घोंगडी, दोन्ही बाजूंना तोलून धान्याची पोती, मग मेंढ्यांभोवती लावायची जाळी, भांडी, आणि सगळ्यांच्या वर पाय बांधलेल्या कोंबड्या. चहा उकळेपर्यंत आईचं उरकलेलं असायचं. मग बाया घोड्या घेऊन वाटेनं पुढं जायच्या आणि पुढच्या शेतात चूल मांडायच्या. गडी कळप चारत चारत संध्याकाळी मागून पोचायचे. ज्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या तो मालक खताच्या बदल्यात धान्य द्यायचा, आणि किती रात्री बसायचं ते माझे वडील, म्हस्कूआबा, मालकाशी बोलून ठरवायचे. घोडीवर मावणार नाही अशी एक वस्तू आईनं त्या बावीस वर्षांत घेतली नाही.

पुढं राजुरीच्या पलीकडं वस्तीवर दोन खोल्यांचं घर झालं आणि बाईचं ताळतंत्र सुटलं. आबा मेंढ्यांमागं जायचे, आई आम्हा पोरांच्या शाळेसाठी घरी राहायची आणि जे दिसेल ते ठेवून द्यायची. डालड्याचे डबे, खताच्या रिकाम्या गोण्या, तुटक्या दोऱ्या, औषधांच्या बाटल्या. मेंढ्या विकूनसुद्धा सहा वर्षं झाली होती, तरी लोकर कातरायच्या सात कातरी खुंटीला होत्या. सात! मी एकदा विचारलं, कशाला? तर म्हणाली, "खात्यात का त्या?"

ही गोष्ट २००५ सालच्या मार्च महिन्यातली. दोन वर्षं झाली, आबांना काही आठवत नव्हतं. दोनदा घरातून निघून गेले. एकदा बेल्ह्याच्या बाजारात सापडले आणि एकदा थेट आण्याच्या घाटात. माझा भाऊ गोरक्ष आळेफाट्यावर ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतो. त्यानं फाट्यावर वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या आणि सांगून टाकलं, पाडव्याच्या आत दोघांनी इकडं यायचं. वस्तीवरचं घर शेजारच्या जानकूभाऊंना कांदे ठेवायला द्यायचं ठरलं. राहिलं होतं ते घर रिकामं करायचं, आणि असली कामं कुणाच्या गळ्यात पडतात? लेकीच्या. मी ओतूरला अंगणवाडी चालवते. चार दिवसांची रजा टाकली आणि आले.

आल्या आल्या मी ओटीवर तीन ढीग केले. न्यायचं, द्यायचं, टाकायचं. मी ढीग करायची आणि पाठ फिरली की टाकायच्या ढिगातली वस्तू न्यायच्या ढिगात जायची. आईचं एक वेळ ठीक होतं, तिच्याशी भांडता येतं. पण आबा जाऊन बसले गोण्यांच्या ढिगावर आणि उठेचनात. "आबा, उठा." नाही. "आबा, चहा घ्या." नाही. मला ते त्यांची बहीण सखूबाई समजायचे, त्यामुळं माझ्या ओरडण्याला किंमत शून्य. दुपार झाली, ऊन तापलं, माझं डोकं त्याहून तापलं. शेवटी मी खेकसले, "उठा आबा, वाडा हलवायचाय!"

आबा उठले.

नुसते उठले नाहीत. खुंटीवरचं मुंडासं घेतलं, नीट बांधलं, अंगणात जाऊन आभाळ बघितलं आणि म्हणाले, "मंग बसलाय काय? बाने, घोंगडी खाली, जाळी वर. आन् पोती तोलून बांध, मागल्या बारीला घोडीची पाठ सोललीया."

दोन वर्षांनी त्यांनी आईला नावानं हाक मारली होती. आई परात हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "व्हय, बांधते."

मला वाटलं, सुटले मी. किती मूर्ख होते! पुढचे दोन दिवस आबा मध्ये उभे राहून सांगत होते आणि आई बांधत होती. त्यांना सगळं आठवत होतं. मोरोशीच्या खाली कोणत्या ओढ्याला पाणी टिकतं, कोणत्या मालकाची कुत्री वाईट आहेत, काळ्या तोंडाची मेंढी गाभण आहे म्हणून सावकाश चालायचं. भाकरी मागून खाल्ली. मला म्हणाले, "सखू, तू लई बोलतीस, काम कर." मी हसले. आईसुद्धा हसत होती, आणि सात कातरी तिनं आपण होऊन जानकूभाऊंना देऊन टाकल्या.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की गाठोडी संपत नाहीत. काल बांधलेली परात आज चुलीजवळ. परवाची वाकळ पुन्हा दांडीवर. मी पाणी आणायला गेल्याचं दाखवून मागच्या दारानं आले, तर आई गाठोडं सोडत बसली होती. मी काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. रजा संपत आली, टेम्पो सांगितलाय, जानकूभाऊंचे कांदे उन्हात पडलेत, तुला कळतंय का काही?

आई शांतपणे म्हणाली, "बांधून झाल्याव काय सांगू त्यास्नी?"

"काय म्हणजे?"

"वाडा हलवायचा म्हनून तूच सांगितलं न्हवं? सगळं बांधलं की त्ये इचारतील, मेंढरं कुठं हायत. मेंढरं इकली म्हनून मागं एकदा सांगितलं, तर दोन दिस भिताडाकडं तोंड करून पडले व्हते. आता कुठं मानूस घरात आलाय, भागू. जाईल गं परत."

अंगणवाडीत चाळीस पोरांच्या आयांना मी रोज शहाणपण शिकवते, आणि इथं माझ्या एका शब्दानं घातलेला गुंता मला सोडवता येईना. त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून गाठोडी सोडली आणि पुन्हा बांधली. दुसरं काय करणार होतो?

चौथ्या दिवशी सकाळी गोरक्ष टेम्पो घेऊन आला. पेटी, भांडी, देवांचे टाक, दोन वाकळी आणि एक घोंगडी, एवढंच न्यायचं निघालं. तीन ढिगांमधून शेवटी एका घोडीचा भार उरला. सगळं चढवून झालं आणि गोरक्ष म्हणाला, "आबा, बसा फुडं."

आबा त्याच्याकडं बघून हसले. "बाया जात्यात बिऱ्हाड घिऊन फुडं. मी मेंढरं घिऊन मागनं येतो."

गोरक्षानं समजावलं, हात धरला, चढवायला बघितलं. आबांनी काठी उगारली. सत्तरीच्या माणसाच्या अंगात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. जानकूभाऊ आले, "आबा, चला की राव, मीबी येतो संगं," असं म्हणून त्यांनीही बघितलं. पण आबांचं एकच, कळप सोडून गडी गाडीत बसत नाही. गोरक्ष चिडला, मग रडकुंडीला आला, मग माझ्याकडं बघायला लागला. मी आईकडं बघितलं.

आई टेम्पोतून खाली उतरली. "तू जा बिऱ्हाड घिऊन," ती गोरक्षाला म्हणाली. "मी ह्यांच्या संगं येते."

"आगं, तू कशी?" आबा म्हणाले. "बाईमानूस कळपामागं?"

"आज गडी कमी हाय," आई म्हणाली.

आम्ही तिघं निघालो. राजुरीवरून आळेफाटा सहा-सात किलोमीटर तरी असेल, नगर-कल्याणचा रस्ता, आणि ऊन. आबा काठी आडवी धरून मध्ये चालत होते, डावीकडं आई, मागं मी. आबा तोंडानं आवाज काढून मेंढरं रस्त्याच्या कडेला घेत होते, आणि आई, जी उभ्या जन्मात कळपामागं चालली नव्हती, ती मधूनच वाकून "हाड् हाड्" करत एखाद्या चुकार मेंढीला आत घालत होती. मला आधी लाज वाटली. ओळखीच्या कुणी एसटीतून बघितलं तर? ओतूरपर्यंत बातमी जाईल. मग एका जागी आबा थांबून मला म्हणाले, "सखू, मागलं कोकरू दमलंय, उचल की." मी रस्त्यात उभी राहिले. आईनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मी वाकले आणि काही नसलेलं उचललं, आणि तसेच हात छातीशी धरून फाट्यापर्यंत चालले. हात खरोखर भरून आले होते.

फाट्यावर गोरक्षाची खोली पुणे-नाशिक रस्त्याच्या पलीकडं. तो रस्ता ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको. ट्रक, एसट्या, भाजीचे टेम्पो, सगळे एकमेकांच्या अंगावर. आबा कडेला उभे राहिले आणि काठीनं वाहनं थांबवायला लागले. ते पाऊल टाकणार हे दिसलं, तशी मीच पुढं झाले आणि दोन्ही हात पसरून रस्त्यात उभी राहिले. एक ट्रक कचकन थांबला. ड्रायव्हरनं शिवी हासडली. आबा कळप पलीकडं घालत होते, घाई न करता, एक एक. मेंढरं दोनशेच्या वर होती आणि आबांची मोजायची पद्धत मला माहीत होती, त्यामुळं किती वेळ लागणार हेही कळत होतं. मागं हॉर्नचा गोंधळ, पुढं आई रिकाम्या रस्त्यावर पदर हलवत उभी. ड्रायव्हर खाली उतरला, आबांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि परत जाऊन बसला. त्या माणसाचं भलं होवो.

वरच्या खोलीत पोचल्यावर आबा पाणी प्याले आणि त्यांनी विचारलं, "मालक कोन हितला? किती राती बसायचं ठरलंय?"

गोरक्ष तोंड उघडणार तोच आई म्हणाली, "चार."

चार रात्री झाल्या, आबांनी मुंडासं बांधलं. आईनं गाठोडं बांधलं आणि त्यांना दुपारपर्यंत बसवून ठेवून सांगितलं, मालक म्हणतोय अजून तीन राहा. तीन झाल्या, पुन्हा तेच. असं वर्ष गेलं, वर पाच महिने गेले. गोरक्षाच्या बायकोनं हौसेनं करून दिलेल्या मांडणीवर आईनं एक भांडं लावलं नाही. तवा, परात, दोन पातेली गाठोड्यातून निघायची आणि जेवण झालं की गाठोड्यात जायची. प्रत्येक वेळी खोटं बोलताना तिचा जीव कासावीस व्हायचा. मला फोनवर म्हणायची, "मालकाच्या नावाव किती ढकलू गं? एक दिस सापडंल मी." मी म्हणायचे, बघू. मला दुसरं काही सुचत नव्हतं, अजूनही सुचत नाही.

२००६च्या श्रावणात मी गेले होते. आबा खिडकीजवळ बसलेले. आई गाठोडं पुढ्यात घेऊन त्यांच्या तोंडाकडं बघत होती. मला हळूच म्हणाली, "परवाच राती संपल्या. इचारलंच न्हाई." सकाळचं जेवण झालं, चहा झाला, आबा काही बोलेनात. शेवटी आईनंच विचारलं. दीड वर्ष जो प्रश्न ऐकून तिला धडकी भरायची, तोच तिनं तोंडानं विचारला.

"आवं, निघायचं न्हवं? बांधू का घोडीव?"

आबांनी मान वळवली. तिच्याकडं बघितलं, आदबीनं, परक्या बाईकडं बघावं तसं.

"तुमाला लांब जायाचं आसंल तर उजेडात निघा, बाई," ते म्हणाले.

आई "बरं" म्हणाली. गाठोडं उचलून आत गेली, खाली ठेवलं आणि गाठ सोडली. तवा, परात, पातेली, तांब्या, एक एक करून तिनं मांडणीवर लावली. मी मदतीला हात पुढं केला तर तिनं तो बाजूला सारला.