पहिल्या पानावरचा खुनी

माझ्या सातही रहस्यकादंबऱ्यांतला खुनी कोण, हे आमच्या पेठेतल्या वाचनालयात पहिल्याच पानावर कळतं. छापलेलं नसतं, पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. ताज्या कादंबरीवर : 'खून कंपाउंडरनं केलाय. निवांत वाचा.'

निवांत! त्या कंपाउंडरला तीनशे पानं लपवताना माझा जीव मेटाकुटीला आला (त्याला दोनदा गावाला पाठवला, एकदा लंगडासुद्धा केला), आणि कुणी उपटसुंभ त्याला दारातच पकडून देतो! त्यात प्रकाशकांचा फोन आला. तुमचे खुनी गावभर आधीच फुटतात, वाचनालयं आता तुमची रहस्यं घेईनात, आठवी कादंबरी नको, त्यापेक्षा गाण्यांचं बघा म्हणाले. (मी गाणी लिहिते, चाली लावते आणि गातेही. आमचे हे त्याला तीन स्वतंत्र गुन्हे म्हणतात.)

मग तपास मीच हाती घेतला. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, नवं पुस्तक आलं की पहिल्यांदा तुमच्याच घरी जातंय की! घरात संशयित तीन. नवरा वाचत नाही. लेक वाचते, पण माझं नाही. सासूबाई देवभोळ्या, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या, म्हणून त्यांना मी यादीतूनच काढलं. सात कादंबऱ्या लिहिलेल्या बाईची ही अक्कल!

एका सकाळी चटणीची बरणी काढली. वर चिठ्ठी होती : 'जहाल हाय. बेतानं घ्या.' तीच पेन्सिल, तेच अक्षर. मी बरणीसकट सासूबाईंपुढं उभी राहिले.

"पुस्तकात तुम्ही लिहिता?"

"व्हय. माझं बीपी वाढतंय, म्हणून आधी शेवट बघतो. पेठेतल्या निम्म्या बायकांस्नी बीपी हाय. त्यांचा जीव घिऊ काय?"

"अहो, पण माझं रहस्य..."

"खोटं लिवलंय काय मी? खुनी त्योच हाय न्हवं?"

कपाळ माझं! त्याच रागात ठरवलं, आता फक्त गाणी. गाण्यात खुनी नसतो, मग बघू काय फोडतात ते. वर्षभरात गाण्यांचं पुस्तक तयार झालं. सुरुवातीलाच एक अंगाई, खाली ठळक अक्षरात 'शब्द, चाल, स्वर' आणि माझं नाव. प्रकाशनासाठी प्रती रंगीत कागदात बांधायचं काम सासूबाईंनी हौसेनं अंगावर घेतलं. मला वाटलं, बिचाऱ्यांना पश्चात्ताप झाला असेल.

समारंभात पाहुण्यांनी फीत सोडली, कागद काढला, पहिलं पान उघडलं आणि शुभेच्छा समजून माइकवर खणखणीत वाचलं, "अंगाईची चाल चोरीची हाय. चोर लेखिका. निवांत ऐका."

सगळं सभागृह हसत होतं. पहिल्या रांगेत सासूबाई शांत बसल्या होत्या. लेक पाळण्यात असताना दर दुपारी त्या याच चालीत अंगाई म्हणायच्या, आणि मी शेजारच्या खोलीत कान लावून बसायची. मला वाटलं होतं, त्या विसरल्या असतील.

मी खाली मान घालून त्यांची अंगाई गायले. सात कादंबऱ्यांत माझ्या इन्स्पेक्टरला इतका बिनचूक तपास एकदाही जमला नव्हता.