रांजणातलं लाल पाणी

वेळ सकाळी साडेसातची. स्थळ आमच्या घरामागचं परसू. पत्र्याच्या पन्हळीखाली अर्धा पुरलेला रांजण, आणि रांजणापुढे घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांची रांग.

विहिरीवर नव्हे, माझ्या रांजणापुढे!

हसायचं असेल तर हसा बुवा. पण हळू हसा. आमच्या घरात हा विषय निघाला की अजून भाजीत मीठ जास्त पडतं. वीस वर्षं मी साप्ताहिकाचा बातमीदार आहे. म्युनिसिपल कमेटीच्या सभेत माझी चाहूल लागली की सभासद पानाचा डबा झाकतात. अशा माणसाला पाण्यानं बुडवलं, आणि तेही घागरभर पाण्यानं!

मुळापासून सांगतो. अमरावतीच्या कॉलेजात माझे एक प्रोफेसर मित्र आहेत, प्राणिशास्त्राचे. त्यांनी कलकत्त्याहून आगगाडीनं डब्यात घालून मासे मागवले. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतले, बुटके सिक्लिड. बोटाच्या दीड पेरांएवढा जीव, पण ऐट संस्थानिकाची! मी काचेच्या पेटीला नाक लावून बसलो. प्रोफेसर म्हणाले, "जोडी देतो, घेऊन जा. पण पिल्लांची आशा धरू नका. यांना मऊ पाणी लागतं. तुमच्या खारपाण पट्ट्यात डाळ शिजत नाही, तिथे हे कसली अंडी घालतात!"

बातमीदाराला 'होणार नाही' म्हणू नये. चार माणसांदेखत मी बोलून गेलो, "दसऱ्याला पिल्लं घेऊन येतो. नाही आणली, तर जोडी परत. आणि तुमच्या क्लबात उभा राहून म्हणेन, अकोल्यापेक्षा अमरावतीचं पाणी चांगलं!"

काय हो हे बोलणं? अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाच्या तोंडचं? (माझ्या गावाचं नाव विचारू नका. मला अजून तिथेच राहायचंय.)

झालं. मी पाण्याच्या मागे लागलो. आमच्या विहिरीचं पाणी इतकं खारं, की साबण फेसाऐवजी दह्यासारखा फाटतो. मऊ पाणी म्हणजे पावसाचं. पत्रा चांगला धुऊन निघाल्यावर मी पन्हळीखाली रांजण भरला. कचेरीच्या आवारातल्या बदामाची वाळकी पानं गोणीभर आणली, धुतली, रांजणात बुडवली. पानांचा अर्क उतरला की पाणी त्यांच्या मूळच्या नदीसारखं होतं, हे प्रोफेसरांनीच सांगितलेलं. तीन आठवडे मी ते पाणी जपलं. रोज वाटीत काढून बघायचं. डाळ शिजवून बघायची. पाणी मऊ झालं की नाही, हे आमच्याकडे डाळीशिवाय कोण सांगणार?

"मासोळीपायी मले दिवसातून दोनदा वरन रांधा लागते," घरची मंडळी म्हणाली. "माहेरी सांगू तरी काय?"

पाणी कडक चहाच्या रंगाचं झालं. इकडे पेटीतली मादी हळदीसारखी पिवळी पडली आणि उलट्या ठेवलेल्या कुंडीत घुसून बसली. अंड्यांची वेळ आली! आता पेटीतलं खारं पाणी थोडंथोडं काढायचं आणि रांजणातलं घालायचं, एवढंच उरलं.

नेमकी तेव्हाच शेजारच्या खेड्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली.

मग मी काय गप्प बसतो? विहिरीत जंतू मारायचं लाल औषध, ते परमँगनेट, टाकायला कमेटीला सवड नाही म्हणून पहिल्या पानावर झोडपून काढलं. मथळा दिला : 'लाल दिसेल तेच पाणी प्या!' ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी विहिरीच्या काठावर उभं राहून स्वतः वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. त्या आनंदात संत्र्यांच्या बातमीसाठी दोन दिवस मोर्शीला गेलो.

आणि परत आलो तो ही रांग.

सगळ्यांत पुढे गंगूबाई माळीण. आमच्या भिंतीपलीकडे तिचा भाजीचा मळा.

"गंगूबाई, हे काय चाललंय?"

"काहून? पानी भरून राहिलो."

"अहो, ते माझ्या माशांचं पाणी आहे!"

"बाप्पा! आता मासोळीच्या आड लपता काय जी?" तिनं घागर खाली ठेवली आणि हात कमरेवर. "आमची विहीर पांढरी फटक, अन् तुमच्या परसात लालेलाल! कमेटीले शिव्या देता, अन् सोताच्या घरी पयले औषध टाकून घेता?"

"औषध नाही ते! बदामाची पानं भिजवली आहेत!"

"पानं? मासोळीले कोनी काढा पाजते काय?"

रांगेत हशा. मागून एक म्हातारी म्हणाली, "पर औषध गोड हाय बाप्पा. काल दाळ दोन उकळ्यात शिजली."

"काल?"

मी आत वळलो. मंडळी चुलीपाशी भाकरी थापत होती.

"मीच देल्लं," ती म्हणाली. "लाल तेच प्या, असं तुमीच वाचून दाखोलं ना? मंग बायांले नाई कसं म्हनू? मासोळ्या मोठ्या का मानसं?"

मी परत परसात धावलो. रांजणात वाकून पाहिलं. तळाला दीड घागर पाणी आणि बाकी पाला. आणि पेटीत ती पिवळी बाई वाट बघतेय!

तेवढ्यात कमेटीचे सॅनिटरी इन्स्पेक्टर शिपायासह दारात. माझा लेख त्यांना चांगलाच झोंबला होता. बगलेत रजिस्टर, शिपायाच्या हातात औषधाची बाटली. विहिरीकडे निघालेले, पण वाटेत रांग दिसली म्हणून आत वळले.

"वा! इथं पाणी लाल आहे की!" इन्स्पेक्टर रांजणात डोकावून म्हणाले.

खरं सांगावं, तर पटकीच्या दिवसांत अख्ख्या वॉर्डाला मी पाला पाजला अशी बोंब होणार. खोटं सांगावं, तर चोरून औषध मिळवल्याचा ठपका. मी घाम पुसत म्हणालो, "साहेब, तुमचं काय काम असेल ते लवकर उरका. मला पाणी हवंय."

"एका जबाबदार नागरिकाची सही द्या. पाणी लाल आढळलं, एवढीच."

मी केली. वाचली नाही! लोकांना 'सहीआधी वाचा' म्हणून सांगण्यात ज्याचा जन्म गेला, त्यानं रजिस्टर भिंतीला टेकवून उभ्याउभ्या सही ठोकली. साहेब गेले. 'आजचं संपलं' म्हणून मी बायकांनाही वाटेला लावलं, तळाचं पाणी फडक्यातून गाळलं आणि हलक्या हातानं, तांब्यातांब्यानं पेटीत सोडलं. मादीनं एक गिरकी घेतली. मला वाटलं, आनंदानं!

दुपारी बारापर्यंत दोघंही पोट वर करून तरंगत होती.

मी सही करत होतो, तेव्हा शिपायानं विहिरीपर्यंतची चाल वाचवायला रांजणातच औषध टाकलं होतं. चांगली चिमूटभर, वर आणखी थोडं. गंगूबाईनं रांगेतून पाहिलं होतं.

"मंग सांगतलं काहून नाई?" मंडळींनी तिला विचारलं.

"म्या म्हनलं, तुमच्या मालकाले रंग वळखू येत असन. तीन हप्ते वाटीत घेऊन तेच तं पाहून राहिले होते!"

पाल्याच्या पाण्यात ते औषध पडलं की त्याचा लालजांभळा रंग विरून चहासारखाच होतो, हे प्रोफेसरांनी नंतर समजावलं. बायका रंगाला फसल्या म्हणून मी ओरडलो होतो. त्या निदान जिवंत राहिल्या.

कुंडी धुवायला उचलली, तर आत छताला लालसर अंड्यांचा पुंजका. खाऱ्या पाण्यातच घातली होती तिनं, माझ्या रांजणाची वाट न पाहता. त्यातून पिल्लं निघाली असती का? प्रोफेसरांनाही सांगता आलं नाही. दसऱ्याला मी क्लबात उभा राहून जे म्हणायचं ते म्हणालो. टाळ्या तिथेही पडल्या.

त्यानंतर मी कमेटीला तीन पत्रं लिहिली : विहिरीत औषध कधी? तिन्हींना एकच उत्तर आलं, रजिस्टरच्या पानाची नक्कल. 'वॉर्डातील विहिरीत औषध टाकले. पाणी लाल असल्याची खात्री केली.' खाली माझी सही, चांगली वळणदार.

गंगूबाईची घागर रोज त्याच विहिरीत उतरते. पाणी अजून पांढरं फटक आहे.