अक्कांनी मागे घेतलेली चाचणी

सकाळचा चहा गाळत होते, तेवढ्यात ग्वाल्हेरहून विमलचा फोन आला. विमल ही अक्कांची जुनी विद्यार्थिनी. आता स्वतः आजी झाली आहे, पण माझ्याशी बोलताना अजून शाळकरी मुलीसारखी अडखळते. "सुमनकाकू, अक्का चालल्या गेल्या..." एवढंच म्हणाली. माझ्या पुण्याच्या सुनेनं हे ऐकलं असतं, तर ‘चालल्या गेल्या म्हणजे कुठे?’ असं विचारलं असतं. ग्वाल्हेरची मराठी अशीच, हिंदीचा हात धरून चालणारी. मी त्या भाषेत निम्म्याहून जास्त आयुष्य काढलं, त्यामुळे मला एका वाक्यात सगळं कळलं. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. पहाटे झोपेतच गेल्या. त्याला आता महिना उलटून गेला, तरी दुपारी वर्तमानपत्र हातात घेतलं की, ही बातमी अक्कांना सांगायला हवी, असं मनात येतंच.

लग्न होऊन मी पुण्याहून ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आले, तेव्हा संस्थान विलीन होऊन गेलं होतं. माझे सासरे दरबारच्या दप्तरात मोठ्या हुद्द्यावर होते, पण आता ते दप्तरच उरलं नव्हतं. तरी ते रोज वेळेवर कोट-टोपी चढवून तयार व्हायचे आणि फूलबागेत एक फेरी मारून परत यायचे. घर चालायचं माझ्या यजमानांच्या आणि अक्कांच्या नोकरीवर. अक्का शिक्षकांना शिकवायच्या; मुलांचं मन कसं शिकतं, कुठे अडतं, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. मी पहिल्या दिवशी त्यांना ‘वन्सं’ म्हणून हाक मारली, तर म्हणाल्या, "वन्सं म्हटलं की कुणीतरी भांडायला आल्यासारखं वाटतं गं. अक्का म्हण." तेव्हापासून त्या अक्का झाल्या, त्या अगदी शेवटपर्यंत.

ते दिवस मोठ्या उलथापालथीचे होते. मध्य भारत मोडून नवं मोठं राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार, कोणतं कार्यालय राहणार आणि कोणतं उठणार, याच्याच गप्पा बाड्यावरच्या, म्हणजे लष्करच्या मोठ्या चौकातल्या, प्रत्येक दुकानात चालायच्या. आमच्या भागातल्या एका शाळेचे मराठी वर्ग हिंदी वर्गांत मिसळले होते. एकत्र झालेल्या मुलांत कोण कितपत शिकू शकेल हे आधी तपासावं, आणि कच्च्या मुलांचा वेगळा वर्ग काढावा, असं वरून ठरलं. त्यासाठी चाचणी तयार करण्याचं काम अक्कांकडे आलं. त्यांनी इंग्रजी पुस्तकं समोर ठेवून, शुद्ध हिंदीत, मोठ्या मेहनतीनं ती तयार केली. तोंडी प्रश्न, चित्रांची कोडी, थोडं वाचन. ती वरिष्ठांना इतकी आवडली की भोपाळच्या नव्या कार्यालयात अक्कांना बोलावणं येणार, हे जवळजवळ पक्कं झालं. घरात तर कुणी कुणी भोपाळच्या हवापाण्याची चौकशीही करू लागलं होतं.

चाचणी झाली आणि मराठी घरांतली मुलं बरीचशी खाली घसरली. सगळ्यांत खाली होती विमल. तिच्या नावापुढे ‘मंदबुद्धी’ असा शेरा पडला. तिचे वडील जाधव पूर्वी संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, आता ते एका गोदामावर पहाऱ्याला बसायचे. ते एका संध्याकाळी आमच्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, पोरगी घरात एकदा सांगितलेलं विसरत नाही. शाळेतच तिला काय होतं? नसेल जमत तर काढून घेतो." अक्का म्हणाल्या, "थोडं थांबा." पण ते गेल्यावर त्या कितीतरी वेळ उंबऱ्याशीच उभ्या होत्या.

पुढे जे झालं त्याला माझा अडाणीपणा कारणीभूत! शेजारच्या वकिलीणबाई नव्या सुनेला भेटायला आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "बहूजी, आपकी शिक्षा कहाँ हुई?" माझे कान तापले. शिक्षा? मला? मी पुण्याच्या ठसक्यात सांगून टाकलं, "हमको कोई शिक्षा-बिक्षा नहीं हुआ, हम अच्छे घर के हैं!" अक्का पदर तोंडाशी धरून इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "अगं, शिक्षण कुठे झालं म्हणून विचारतायत त्या!" वकिलीणबाईही हसल्या. बाई घरी गेल्याबरोबर अक्का चाचणीचे कागद घेऊन माझ्यासमोर बसल्या. "तू पुण्याची, तुझे कान अजून कोरे आहेत. मी वाचते. तुला काय कळतं ते सांग. शहाणपणा करू नकोस, जे कळेल तेच सांग."

एका प्रश्नात संसारात सगळ्यांत मोठं काय, असं विचारलं होतं. हिंदीत संसार म्हणजे जग. विमलनं उत्तर दिलं होतं, ‘आजी’. मीसुद्धा तेच दिलं असतं, कारण आमच्या संसारात सासूबाईच मोठ्या होत्या! चित्राच्या कोड्यापाशी परीक्षकानं मुलांना सांगायचं होतं, ‘चेष्टा करो’, म्हणजे प्रयत्न करा. विमलनं परीक्षकाला वेडावून दाखवलं होतं आणि त्यांनी ‘उद्धट’ असं लिहून ठेवलं होतं. मी हसायला लागले, पण अक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ही पोरं बाजारात भराभर हिंदी बोलतात, म्हणून मी धरून चालले की यांना हिंदी येते. पण ती बाड्यावरची हिंदी. माझी पुस्तकातली..."

मग आम्ही दोघी त्या शाळेत जाऊ लागलो. मी मराठीतून प्रश्न विचारायचे, अक्का बाजूला बसून ऐकायच्या. एकेक मूल कळीसारखं उमलत गेलं. विमल तर प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायची. मला वाटलं, झालं, सुटलं कोडं. पण वाचायला मराठी पुस्तक पुढे ठेवलं, तर ती थिजली. ‘घर’चं ‘धर’ झालं, ‘भात’चा ‘मात’. मग तिनं पुस्तक मिटून मांडीखालीच घातलं. त्या दिवशी परतताना अक्का गोरखीच्या वाड्यापाशी थांबल्या. मग म्हणाल्या, "दोन गोष्टी आहेत, सुमन. बाकीच्यांना भाषा अडत होती. हिला अक्षर अडतंय. समज दोघांनाही आहे. आणि मी सगळ्यांना मिळून एकच नाव दिलं... मंद."

वरिष्ठांच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सांगितलं की ही चाचणी वापरू नये. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. एक साहेब वैतागून म्हणाले, "बहनजी, नया प्रदेश बन रहा है और आप मराठी-हिंदी का झगड़ा लेकर बैठी हैं?" अक्का म्हणाल्या, "झगड़ा भाषा का नहीं है, साहब. गलती मेरे परचे की है." चाचणी बाजूला पडली, वेगळा वर्ग निघाला नाही आणि भोपाळचं बोलावणंही आलं नाही. घरी येऊन त्यांनी चपला काढल्या आणि म्हणाल्या, "भोपाळ गेलं." मला रडू आलं. सासऱ्यांनी एक संत्रं घेतलं, निगुतीनं सोललं आणि फोडी लेकीपुढे ठेवल्या. अक्कांनी त्या सगळ्या खाल्ल्या.

विमल रोज दुपारी आमच्या मागच्या पडवीत येऊ लागली. अक्का तिला पाटी द्यायच्या नाहीत, रांगोळी द्यायच्या. हातभर मोठं अक्षर जमिनीवर काढायचं, काढताना त्याचा उच्चार करायचा, मग डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायचं. हे कुठल्या पुस्तकात होतं की त्यांना सुचलं, मी कधी विचारलं नाही. सोपं अजिबात नव्हतं. आठवडेच्या आठवडे जायचे आणि ‘घ’चा पुन्हा ‘ध’ व्हायचा. एकदा तर तिनं सगळी रांगोळी पायानं उधळली आणि ओरडली, "मला नाहीच येणार!" अक्का म्हणाल्या, "येईल असं मी म्हणतच नाही. उद्या ये, एवढंच म्हणते." ती आली. पुढे एकदा बाड्यावरून जाताना ती वडिलांचा हात सोडून थबकली आणि एका पाटीकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "द-वा-खा-ना." जाधव तिथून तसेच आमच्या घरी आले. दारात उभे राहून त्यांनी तेवढंच सांगितलं, "बाई, दवाखाना वाचलं तिनं," आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

पुढं पडवीची खोली झाली. मराठी, हिंदी, कुठल्याही घरातली, अक्षर अडणारी मुलं तिथं येत राहिली. अक्कांचे काही लेख छापून आले, नवे शिक्षक त्यांना भेटायला येऊ लागले. विमलचं लग्न झालं, तिनं नवऱ्याबरोबर कापडाचं दुकान सांभाळलं. वाचन तिचं सावकाशच राहिलं, पण थांबलं नाही. अक्कांची नजर गेली, तेव्हा तीच रोज येऊन ओळीखाली बोट धरून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. एका बातमीला चहाचा कप गार व्हायचा, म्हणे.

अक्कांच्या दिवसांसाठी मी ग्वाल्हेरला गेले. वाटलं होतं, खोली बंद असेल. पण वर्ग चालू होता. अक्कांच्या हाताखाली तयार झालेली एक तरुण शिक्षिका तो घेत होती. मी आणि विमल मागे भिंतीशी बसलो. एक छोटी मुलगी हिंदी पुस्तकातून वाचत होती आणि एका शब्दापाशी अडली... अक्कांची एक सवय होती. मूल अडलं की त्या त्याच्या तोंडाकडे कधीच बघायच्या नाहीत. मान वळवून खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे बघत राहायच्या, जणू जगात कसली घाईच नाही. आता ती शिक्षिका खिडकीकडे वळली. माझ्या शेजारी विमलही वळली. मग मीही. कडुलिंबाची पानं उन्हात हलत होती. मागून अडखळत आवाज आला, "गि... गिल... गिलहरी!" गिलहरी म्हणजे आपली खार. आम्ही तिघींनी माना वळवल्या, तोवर ती पुढच्या ओळीवर पोहोचली होती.