काकूंचे यकृत आणि माझे सभ्य अपील

"पेंडसे, तुमचं एवढं इंग्रजी वाचूनही ते नाहीच म्हणाले," असे म्हणत सुलभाकाकूंनी इन्शुरन्स कंपनीचे डिनायल, म्हणजे नकाराचे पत्र, माझ्या टेबलावर ठेवले. आता एकच अपील उरले होते.

परदेशातील आमच्या देशी वस्तीत, डेव्हन ॲव्हेन्यूवरील एका साडीच्या दुकानामागे बसून मी लोकांचे अर्ज लिहितो. माझे शिक्षण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी थांबले. भाषा थांबली नाही. मला कोणी वकील समजल्यास ती चूक दुरुस्त करण्याची मी घाई करीत नाही.

काकूंना फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी साठण्याचा विकार होता आणि तो वाढत होता. डॉक्टरांनी ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शने लिहून दिली. इन्शुरन्सने ती नाकारली. यकृत बिघडले म्हणजे दारूचा संशय येणार, म्हणून पहिल्या अपिलात मी काकूंच्या निर्व्यसनीपणाचे सविस्तर वर्णन केले. मराठी मंडळाच्या अध्यक्षांचे प्रमाणपत्र जोडले. एकादशीचे उपवासही नमूद केले. डोक्यातील ट्यूमरच्या ऑपरेशनचे कागद मात्र काकूंना न विचारताच गाळले. त्यांच्या मुलीचे लग्न ठरत होते, आणि इन्शुरन्स कंपनी व्याह्यांना कळवील अशी काहीशी माझी समजूत होती.

मी काकूंच्या डॉक्टर प्राचींना स्पीकरवर फोन लावला व अपील वाचून दाखवले.

"काका, यात ऑपरेशन कुठाय?"

"काकूंची अब्रू राखली."

"अब्रू राखली आणि केस घालवली! मेंदूखाली पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. ट्यूमर काढताना ती डॅमेज झाली. तिचं ग्रोथ हॉर्मोन मोठ्या माणसात चरबी जाळायला मदत करतं. तेच कमी पडलं, म्हणून पोटात आणि लिव्हरमध्ये फॅट साठतंय. ही इंजेक्शनं लिव्हरचं औषध म्हणून नाहीत, त्या हॉर्मोनची भरपाई आहेत."

"म्हणजे दारूचा प्रश्न..."

"कोणी विचारलाच नव्हता, काका!"

"आणि माझे उपवास गं?" काकूंनी विचारले.

"ते देवाला माहीत आहेत ना? पुरे."

काकू हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लिहा ऑपरेशन. व्याह्यांना मीच सांगते. लिव्हर माझं जातंय, त्यांचं नाही."

दुसरे अपील एका पानात संपले, याचे मला दुःख झाले. ऑपरेशनची नोंद, हॉर्मोन टेस्टचा रिपोर्ट, डॉक्टरांचे पत्र. विशेषण एकही नाही. ते मंजूर झाले. पुढील स्कॅनमध्ये यकृतातील चरबी उतरू लागलेली दिसली. व्याह्यांनी केवळ काकूंच्या डॉक्टरांचा नंबर मागून घेतला. त्यांनाही फॅटी लिव्हर निघाले होते.

मंजुरीपत्रात माझ्या भाषेचा उल्लेख नव्हता. आजाराच्या अर्जात आजार लिहावा लागतो, हे मी आता नव्या ग्राहकांना फार अनुभवी मुद्रेने सांगतो.