तळहातावरची अक्षरं

संस्थेत तिला सगळेच मावशी म्हणत, वयानं मोठे असलेले हिशेबनीससुद्धा. पहिली-दुसरीतली जी पोरं वाचनात मागं पडत, त्यांना शाळा वेळीच या संस्थेकडे पाठवायची. जिन्याखालच्या खोलीत मावशी एकेकाला समोर बसवून अक्षरं बोटानं गिरवून घेई. "डोळ्याला कळत नाही ना? मग बोटाला विचारू," हे तिचं ठरलेलं वाक्य.

तिचा नवरा पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, कुणाच्या दारावरच्या. गल्लीत तो नुसता 'पेंटर'. "दोघांचाही धंदा अक्षरांचाच," तो चिडवायचा. "फक्त माझ्या अक्षरांचं नाक पुसावं लागत नाही."

एका सकाळी चहा पिता पिता त्यानं वर्तमानपत्र उचललं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "अगं, आज पेपरवाला हे कुठल्या भाषेतलं टाकून गेलाय?"

नेहमीची थट्टा म्हणून ती हसली. मग तिनं त्याचा चेहरा पाहिला.

मेंदूत गुठळी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं: बोलणं शाबूत आहे, हात शाबूत आहे, लिहिताही येईल, पण लिहिलेलं वाचता येणार नाही. मावशीला हे पटेना. घरी येताच तिनं त्याच्या हाती पेन्सिल दिली. त्यानं ती सांगेल ते चार शब्द लिहिले, तसेच टपोरे, रेखीव. दुपारी तो झोपून उठल्यावर तिनं तोच कागद त्याच्यापुढं धरला.

"वळण तर माझंच आहे," तो बराच वेळ बघून म्हणाला. "काय लिहिलंय गं?"

त्यानंतर त्यानं बाहेर पडणंच सोडलं. ज्या रस्त्यानं जावं तिथं त्याच्याच पाट्या, आणि एकही ओळख देईना. तो खिडकीकडे पाठ करून बसू लागला.

तेव्हा मावशीकडे एक बडबडी मुलगी येत असे. 'घर' दिसलं की ती ठाम आवाजात 'धर' वाचायची. एकदा मावशीनं तिला डोळे मिटायला लावले आणि तळहातावर शब्द गिरवला. "घर!" मुलगी ओरडली. हे मावशीनं किती पोरांबरोबर केलं असेल, पण त्या दिवशी तिचं बोट तिथंच थबकलं. ती घरी अक्षरशः धावत गेली.

"अहो, डोळे मिटा."

"आता या वयात लपाछपी?"

तिनं त्याच्या तळहातावर सावकाश घ काढला, मग र.

"घर," तो म्हणाला. त्याचे मिटलेले डोळे वाहू लागले. "शेवटी बसवलंसच मला पोरांत."

मग तो मथळ्यांवरून स्वतःच बोट फिरवू लागला. एक मथळा संपेपर्यंत चहा गार व्हायचा. रस्त्यात थांबून तो पाट्यांवरची अक्षरं हवेत गिरवी. लोक बघत, तर बघू देत. मावशीनं आणलेलं पोरांचं एक पुस्तक त्यानं घाम गाळून संपवलं. "एवढा जीव जातो होय गं यात?" तो म्हणाला. "आणि वर त्या लेकरांना ढ म्हणायचं!"

दुसरा झटका आला तो पावसाळ्याच्या शेवटी. या खेपेला उजवा हात गेला, वाचाही गेली. मावशी त्याच्या डाव्या तळहातावर 'पाणी' लिहायची. हवं असेल तर तो बोटं मिटायचा. मग एका सकाळी तिनं लिहिलं आणि बोटं मिटली नाहीत. तिनं पुन्हा लिहिलं. तळवा उघडाच राहिला. त्याच आठवड्यात तो गेला.

सगळे म्हणाले, रडून मोकळी हो. तिला रडू येईना. ती कामावर परतली.

काही दिवसांनी बडबडीनं तिच्यासमोर गोष्टीचं अख्खं पान वाचलं, कुठंही न अडता. आता तिला यायची गरज उरली नव्हती. "मावशी, मग उद्यापासून मी नको येऊ?" तिनं विचारलं.

"नको बाळा. तू तयार झालीस आता."

मावशीनं तिला दारापर्यंत सोडलं. मुलगी मागं वळूनही न बघता उड्या मारत गेली. खोलीत येऊन मावशी पोरांच्या बुटक्या खुर्चीत बसली, आणि तेव्हा कुठं तिचा बांध फुटला.