मदतीला आलेल्या बाई

हे सांगायचं मी नऊ वर्षं टाळत आलो. आता लिहितो, कारण आमच्या कॉलनीतल्या वाचन मंडळाच्या एका जुन्या अंकात माझ्या सहीनं एक खोटं छापलेलं आहे. ‘मी स्वतःच्या जिवावर शिकलो,’ असं मी त्यात लिहिलं. गावी राहिलेल्यांच्या हाती तो अंक पडणार नव्हता, आणि माझ्यासारखे गाव सोडून आलेले त्यावर विश्वास ठेवणार होते.

मी गाव सोडलं तेव्हा फाट्यापर्यंत पोचवायला वैनी आली होती, माझ्या थोरल्या भावाची बायको. आई मी लहान असतानाच गेलेली. माझ्या हातात पत्र्याची पेटी, तिच्या डोक्यावर अंथरुणाची वळकटी. राहुरीकडून नगरला जाणारी एसटी थांबली तेव्हा ती कंडक्टरला म्हणाली, “आमचं पोरगं हाय. मी रोज डबा दीत जाईन, तेवढा नगरला उतरवा.” आणि मला म्हणाली, “भावजी, डबा आला की आधी जेवा. अभ्यास कुठं पळून जात न्हाई.”

पुढं चार वर्षं ती रोज सकाळी दीड मैल चालत फाट्यावर यायची आणि तिथून दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. मी स्टँडवर डबा घ्यायचो. भाकरी तोवर गार झालेली असायची. मी शिकलो तो असा.

मग शिक्षक झालो, नगरातच सावेडीत घर बांधलं, मुलगा परदेशी गेला, बायको वारली. बोलणंही बदललं. नोकरीच्या पहिल्या वर्षी वर्गात ‘पानी’ म्हणालो तेव्हा पोरं हसली होती. तेव्हापासून जिभेवर पहारा बसला तो अजून उठलेला नाही. गावी मी पाहुणा, कॉलनीत ‘सर’. दोन्हीकडं मान मिळतो. पाय पसरून बसावं असं कुठंच वाटत नाही.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा वैनी महिनाभर राहायला म्हणून आली. मी बोलावलं नव्हतं. फोनवर पुतण्याकडून कळलं आणि ती पिशवी घेऊन निघाली.

त्यातल्याच एका मंगळवारी वाचन मंडळ माझ्या घरी होतं. चर्चेला घेतलेल्या कादंबरीतली सून घरच्यांवर रागावून दोन दिवस चूलच पेटवत नाही, त्यावरून जुंपली. बँकेतून निवृत्त झालेले कुलथे म्हणाले, “मला पटली ती सून. आमच्याकडे दोन दिवस कुकर लागला नाही तर तिसऱ्या दिवशी मी शरण जाईन.”

“तिसऱ्या?” शेजारच्या देशमुख मॅडम म्हणाल्या. “तुमची मंडळी तर सांगत होती, पहिल्याच संध्याकाळी वडापाव घेऊन दारात उभे असता.”

हशा झाला. चहा घेऊन आलेली वैनी दारातच थांबली होती. ऐकता ऐकता बोलून गेली, “न्हाई वो बाई. चूल बंद ठिवली तर पोरं उपाशी ऱ्हात्यात. ती आधी पोरांना खाऊ घालीन, मंग नवऱ्यापुढं रिकामी परात ठिवीन. रुसायचं तर ज्याच्यावर, त्याच्यापुरतंच.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी तिला हाताला धरून सोफ्यावर बसवलं. “लिहिणाऱ्याला हे सुचलं नाही बघा. आजी, पुढच्या मंगळवारीही आमच्यात बसायचं.” वैनी पदर तोंडाला लावून हसत होती. इतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली होती. मग मॅडमनी मला विचारलं, “सर, या कोण तुमच्या?”

मी म्हणालो, “गावाकडच्या बाई आहेत. ऑपरेशनमुळे मदतीला आल्यात. एक-दोन दिवसांत जातील.”

खरं सांगितलं असतं तर त्या लोकांनी कौतुकच केलं असतं. पण मंडळात माझ्या शुद्ध बोलण्याचा दाखला देत, आणि अंकात तर मी लिहूनच बसलो होतो. ते ‘ठिवीन’ आणि ‘ऱ्हात्यात’ माझ्या घरातलं आहे, हे म्हणायला जीभ उचलली नाही.

वैनीनं माझ्याकडं पाहिलं. मग उठली, मॅडमना म्हणाली, “व्हय, जायाचंच हाय.” आणि मला विचारलं, “सर, चहा अजून टाकू का?”

जन्मात पहिल्यांदा ती मला सर म्हणाली, माझं खोटं उघडं पडू नये म्हणून. चर्चा पुढं तासभर रंगली. मीही बोललो, बहुतेक चांगलं बोललो.

सकाळी तिची पिशवी भरलेली होती. “शेंगा काढायच्या राहिल्यात,” म्हणाली. नंतर पुतण्याकडून कळलं, शेंगा तेव्हाच काढून झाल्या होत्या.

माफी मागायला दोनदा गावी गेलो. पहिल्यांदा घर माणसांनी भरलेलं होतं. दुसऱ्यांदा ती ओट्यावर एकटीच लसूण सोलत होती. मी शेजारी बसलो. गाडीत वाक्य जुळवत आलो होतो, पण ते फळ्यावर लिहावं तसं झालं होतं, आणि गावातलं बोलणं माझ्याकडं उरलं नव्हतं.

“त्या मॅडम बऱ्या हायेत का?” तिनं विचारलं. “लई मायेनं हात धरला हुता त्यांनी.”

“बऱ्या आहेत.”

“इचारलं म्हनून सांगा.”

ती गेल्या उन्हाळ्यात गेली. घर कुठलं, असं कोणी विचारलं तर आता मला ना सावेडी आठवते ना गाव. ओट्यावरची तिच्या शेजारची जागा आठवते, अर्ध्या तासापुरती मिळालेली. “वैनी, माझं चुकलं, त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं की हिनं मला वाढवलं,” एवढंच मला तिथं म्हणायचं होतं. पण मी नुसतं “येतो” म्हणालो आणि गाडीच्या वेळेला उठलो.